घड्याळ खोटे नव्हते

राजूरला बाहेरचा माणूस येतो तो गणपतीसाठी. वरेण्य राजाला गजाननाने गणेशगीता सांगितली ती इथे, अशी श्रद्धा आहे. अंगारकीला चहूबाजूंनी पायी येणाऱ्यांची रांग आदल्या रात्रीपासून लागते. या लेखात मात्र मी टेकडीवर चढणार नाही. टेकडीकडे झुकलेल्या एका शेताबद्दल, त्या शेतात भरणाऱ्या पटाबद्दल आणि माझ्या वडिलांच्या एका वहीबद्दल मला लिहायचे आहे. त्यासाठी वाट थोडी अमेरिका-मेक्सिकोवरून जाईल. वाचकांनी तेवढा वळसा सोसावा.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. शाळेच्या क्रीडास्पर्धांसाठी आलेले स्टॉपवॉच त्यांच्या ताब्यात असे, आणि आमच्या पंचक्रोशीत सेकंद मोजणारे घड्याळ तेवढे एकच. सुगी आटोपली, शंकरपटाचे दिवस आले की आयोजक त्यांना न्यायला बैलगाडी पाठवत. वडिलांनी या वेळांची एक वही ठेवली होती. तारीख, गाव, जोडी, वेळ असे चार रकाने. आणि हजेरीपत्रकाच्या सवयीने आखलेला ‘शेरा’ हा पाचवा. पहिली कित्येक पाने हा पाचवा रकाना कोरा आहे. १९७९च्या हिवाळ्यापासून तो अचानक भरू लागतो, आणि नंतर एकही ओळ कोरी नाही. ‘सकाळ. दव. जमीन दाबलेली.’ ‘दुपारचे तीन. फुफाटा घोट्याएवढा.’ ‘वारा समोरून.’ ‘छकडी नवी, हलकी.’ वडील गेल्यावर, २००९ साली, ती वही माझ्या हाती आली. रकाना १९७९मध्येच का भरू लागला, हे मात्र मला वही न उघडताही माहीत होते.

माझ्या थोरल्या मामांची एक खोंडांची जोडी होती, पाखऱ्या आणि हौशा. आमच्या शेतातल्या पटात तिला चारशे फुटांसाठी १३.४ सेकंद लागले. वडिलांनीच मोजले. त्याच महिन्यात गोदावरीकाठच्या एका गावात, वडिलांनीच नेलेल्या दोराने मोजलेल्या चारशे फुटांच्या पटात, पहिल्या चार जोड्या साडेबाराच्या आत आल्या होत्या. बातमी फिरली. मामांची जोडी सेकंदाने मागे, असे बाजारात ठरले. मामांवर तेव्हा कर्ज होते. एका व्यापाऱ्याने जोडी मागितली, आणि ‘मास्तरांच्या घड्याळानं सांगितलंय’ या एका वाक्यावर भाव पाडून नेली. पुढल्या हंगामात तीच जोडी गोदाकाठच्या त्याच पटात १२.२ सेकंदांत पळाली. वेळ घेणारे पुन्हा वडीलच. मामा घरी आले, उंबऱ्यातच उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, “दाजी, घड्याळ खोटं होतं का माझे बैल?”

वडिलांनी उत्तर दिल्याचे मला आठवत नाही. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. त्यानंतर बरीच वर्षे मामा दिवाळीला आले नाहीत.

शंकरपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी. महाराष्ट्रात बैलांची शर्यत एकच नाही. सांगली-साताऱ्याकडे छकड्यांचे गट एकदम सुटतात आणि जो पुढे तो जिंकतो. तिथे घड्याळ दुय्यम. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यात बैलगाडा ‘घाटा’त पळतो, म्हणजे मुद्दाम चढती ठेवलेली धाव, पुढे घोडी असते आणि प्रत्येक बारीचे सेकंद मोजले जातात. विदर्भात आणि आमच्या मराठवाड्यात शंकरपट. सरळ, आखूड पट्टी, हलकी छकडी, एक बैलजोडी, एक हाकणारा. शेजारून दुसरी जोडी पळाली तरी खरी लढत घड्याळाशीच. वळण नाही, डावपेच नाहीत, दम राखून ठेवण्याचा प्रश्न नाही. सुटायचे आणि पोहोचायचे.

मोटारींच्या जगात याला ड्रॅग रेसिंग म्हणतात. मी राजूरला गॅरेज चालवतो; कार्ब्युरेटर आणि डिझेल पंप हे माझे काम. शिक्षण बारावी. इंग्रजी मासिके रद्दीतून आणून शब्दकोश शेजारी ठेवून वाचायची, हीच माझी कॉलेजे. अशाच एका मासिकात पहिल्यांदा ड्रॅग रेसिंगचे चित्र पाहिले आणि मला हसू आले: हा तर पट!

साम्य वरवरचे नाही. ड्रॅग रेसिंगचे प्रमाण अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट, ४०२ मीटर. हे अंतर मोटारीचे नाहीच. अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या त्या काळात व्हर्जिनियाकडची मंडळी गावातल्या सरळ रस्त्यावर घोड्यांच्या पाव मैलाच्या शर्यती लावत. त्यातून तयार झालेल्या घोड्यांच्या जातीचे नावही ‘क्वार्टर हॉर्स’. दोनेकशे वर्षांनी मोटारी आल्या आणि जनावराचे अंतर यंत्राला मिळाले. दुसऱ्या महायुद्धाआधीच कॅलिफोर्नियातली पोरे जुन्या गाड्या सोलून, हलक्या करून कोरड्या तळ्यांच्या पात्रांत पळवू लागली. १९५०मध्ये सांता आना येथे विमानतळाच्या न वापरलेल्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि या हौसेला नियम मिळाले. १९६३पासून सुटीच्या रेषेवर रंगीत दिव्यांचा खांब आला. गाडी प्रकाशाचा झोत सोडते तेव्हा घड्याळ सुरू होते आणि शेवटचा झोत तोडते तेव्हा थांबते. चालकाने दिवा पाहून निघायला किती उशीर केला तो हिशेब वेगळा ठेवतात. आमच्याकडे निशाण पडले की वडिलांचा अंगठा दाबला जाई, आणि त्यांचे घड्याळ सेकंदाचे पाच भाग दाखवी. म्हणजे एका टिकीचा फरक हा बैलांचा की अंगठ्याचा, हे सांगता येत नसे. वडिलांना ते कळत होते. एका टिकीच्या फरकावर ते ‘बरोबरी’ लिहीत आणि शिव्या खात.

पण मामांच्या जोडीचा फरक सहा टिक्यांचा होता. तो अंगठ्याचा नव्हता.

*

माझ्या धंद्यात या प्रश्नाची दुसरी बाजू मला रोज भेटत होती, फक्त ती ओळखायला मला वेळ लागला. डिसेंबरात व्यवस्थित लावून दिलेली मोटारसायकल मेमध्ये परत येई. तक्रार एकच: ‘ओढत नाही.’ प्लग काढला की काजळी. जेट तोच, स्क्रू हललेला नाही, पेट्रोल त्याच पंपाचे. मग बदलले काय?

बदलली ती हवा. हवेला वजन असते हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. १६४८ साली पास्कलने आपल्या मेहुण्याकडून पाऱ्याची नळी प्युई-द-डोम या डोंगरावर नेववली. जसजसे वर जावे तसतसा पारा उतरला आणि वरती हवा कमी आहे हे नळीने दाखवून दिले. (मेहुण्याला कामाला लावणारा तो पहिला शास्त्रज्ञ नसावा.) इंजिन हा मोठा भाता आहे. ते ठरावीक घनफळाची हवा ओढते, पण ताकद मिळते ती त्या घनफळात किती वजनाची हवा आली यावर. समुद्रसपाटीवर प्रमाणित घनमीटर हवेचे वजन १.२२५ किलो धरतात. जालना शहर समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटर उंच. तेवढ्या उंचीवर डिसेंबरच्या पहाटे, बारा अंशांना, हे वजन भरते सुमारे १.१७ किलो. मेच्या दुपारी, चाळीस अंशांना, १.०६. शेत तेच, रस्ता तोच, आणि हवा नऊ टक्क्यांनी हलकी झालेली!

हा आकडा प्रमाणित हवेच्या कोष्टकात शोधला तर तो साडेचौदाशे मीटर उंचीसमोर सापडतो. महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास आहे. म्हणजे मेच्या दुपारी जालन्यात उभी असलेली गाडी, कार्ब्युरेटरच्या दृष्टीने, महाबळेश्वराच्याही थोडी वर असते; फक्त थंडाव्याशिवाय. हे गणित जमले तेव्हा मी गॅरेजात एकटाच होतो, आणि सांगायला कोणी नव्हते याचे फार वाईट वाटले.

जेटचे भोक तेवढेच राहते, हवा हलकी होते, आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण पाचेक टक्क्यांनी वाढते. म्हणून काजळी. शर्यतीचा मेकॅनिक अशा वेळी लहान जेट घालतो, ठिणगी किंचित आधी पाडतो, कारण विरळ मिश्रण सावकाश पेटते. गमावलेली सगळी ताकद त्याने परत येत नाही. निदान वाया जाणारी तरी वाचते. गाडीच्या माहितीपत्रकातली अश्वशक्तीही एका ठरावीक हवेतली असते: २५ अंश तापमान आणि कोरड्या हवेचा ९९ किलोपास्कल दाब. आमच्या जिल्ह्यात डिसेंबरच्या पहाटे ती जवळपास भेटते. उन्हाळ्यात तिची वाट पाहू नये.

आता सेकंदांकडे. ताकद दहा टक्के घटली तर वेळ दहा टक्के वाढत नाही. उभ्या गाडीला सरळ रेषेत ठरावीक अंतर तोडायला लागणारा वेळ ताकदीच्या घनमुळाप्रमाणे बदलतो. ढोबळ नियम आहे, पण शर्यतीवाले तो अनेक दशके वापरत आले आहेत. डिसेंबर ते मे आमच्याकडे साध्या इंजिनाची ताकद साधारण सात टक्क्यांनी उतरते (हवेइतकी नाही, कारण गरम इंजिनात शिरताना थंड हवाही तापतेच). त्याचे वेळेत होतात सव्वादोन टक्के. पाव मैल १४ सेकंदांत जाणारी गाडी १४.३ला पोहोचते. चहाच्या टपरीवर तीन दशांश म्हणजे काहीच नाही. शर्यतीत तेवढ्यात मागची गाडी पुढे जाते आणि मेकॅनिकची नोकरी जाते.

कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ मॉरिसन गावी बँडिमियर स्पीडवे नावाची पट्टी होती. १९५८ला सुरू झाली, २०२३च्या हंगामानंतर बंद पडली. तिची उंची ५८०० फूट. आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही शंभरेक मीटर जास्त. समुद्रसपाटीला १४ सेकंदांत जाणारी साधी गाडी तिथे १५च्या घरात जाणार, हे गणितानेच दिसते. मोठ्या वर्गातले संघ तिथे पोहोचले की इंजिनात हवा कोंबणारा ब्लोअर जास्त वेगाने फिरवायची व्यवस्था करत, दाबाचे प्रमाण वाढवत. एरवी धोक्याची ठरणारी मांडणी तिथल्या विरळ हवेत चालून जाई. आणि असोसिएशनने नियमातच सोय केली: अनेक वर्गांत उंच पट्टीवरच्या वेळांना सुधारणेचा गुणक लावायचा. मला ड्रॅग रेसिंगमधली सर्वांत सुसंस्कृत गोष्ट कोणती वाटत असेल तर ती ही. हरलेला चालक खोटा नाही, घड्याळ खोटे नाही, हवा वेगळी आहे, हे त्यांनी कागदावर मान्य केले.

उंचीने नेहमी तोटाच होतो असेही नाही. १९१८ साली जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे एक लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या शिखरावर नेले. समुद्रसपाटीला ते ३५० अश्वशक्ती देई. वरती उरली २३०. मग मॉस यांनी धुराच्या झोतावर फिरणारा पंखा जोडून हवा दाबून आत सोडली, आणि इंजिन ३५६वर गेले. आज ज्याला आपण टर्बो म्हणतो त्याची उपयुक्तता डोंगरावर सिद्ध झाली ती अशी. दुसरे उदाहरण १९३५चे. माल्कम कॅम्बेल यांनी मार्चमध्ये फ्लोरिडातल्या डेटोनाच्या समुद्रकिनारी ताशी २७६ मैल गाठले, आणि सप्टेंबरात बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानात ३०१. बॉनव्हिल समुद्रापासून सुमारे तेराशे मीटर उंच. इंजिनात हवा कोंबायची सोय होतीच, त्यामुळे विरळ हवेने ताकद फारशी गेली नाही. उलट समोरून अडवणारी हवा हलकी झाली. आणि जमीन! किनाऱ्यावरच्या वाळूऐवजी कठीण, सपाट मीठ. या तिन्हींपैकी कोणाचे श्रेय किती, हे एका आकड्यातून कधीच निघत नाही.

माणसाच्या बाबतीत हेच कोडे १९६८ला मेक्सिको सिटीत पडले. शहर २२४० मीटरांवर, हवा सुमारे एक-पंचमांशाने विरळ. शंभर मीटरला जिम हाइन्स ९.९५ सेकंदांत धावले आणि बॉब बीमन यांनी ८.९० मीटरची लांब उडी मारली. त्याच मैदानावर दहा हजार मीटरच्या शर्यतीत रॉन क्लार्क हा जगातला थोर धावपटू अंतिम रेषेनंतर बेशुद्ध पडला. दहा सेकंदांच्या धावेत माणूस श्वासावर जगत नाही, साठवलेल्या शक्तीवर पळतो. विरळ हवा त्याला फक्त कमी अडवते. अर्ध्या तासाच्या धावेत तीच हवा जिवावर येते. हाइन्स यांचा विक्रम १९८३पर्यंत टिकला, आणि मोडला तोही कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर. अॅथलेटिक्सच्या याद्यांत हजार मीटरपेक्षा उंच ठिकाणच्या वेळेपुढे एक ‘ए’ अक्षर छापतात. ते अक्षर पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वडिलांचा पाचवा रकाना आठवला.

*

बैल हाइन्सच्या जातीचा, क्लार्कच्या नव्हे. बारा-तेरा सेकंदांच्या धावेत आमच्या शेताची हवा आणि गोदाकाठची हवा यांनी त्याला काही फरक पडत नाही. दोन ठिकाणांच्या उंचीत तसा फार फरकही नाही. मामांच्या प्रश्नाचे उत्तर हवेत शोधण्यात मी काही वर्षे घालवली आणि ते तिथे नव्हते. उंची हवी होती तीच, पण समुद्रापासूनची नव्हे. शेताची.

ते शेत टेकडीकडे चढते. डोळ्यांना ते जाणवत नाही, कारण समोर टेकडीच इतकी मोठी की जमीन सपाट वाटते. गवंडी लोक वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन मी आणि माझा मुलगा एका रविवारी तिथे गेलो. चारशे फुटांत चढ निघाला एक मीटर साठ सेंटिमीटर. सेकंदाला दहा मीटर धावणाऱ्या कोणत्याही वस्तूकडे गतीची जी शक्ती असते, तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिला तेवढे उचलायलाच लागतो. मग बैल असो, छकडी असो की हाकणारा. वेळेचा हिशेब केला तर साधारण एक सेकंद, थोडा वरच. वहीतला फरक १.२. उरलेले दशांश आमच्या काळ्या भुसभुशीत मातीच्या आणि वडिलांच्या अंगठ्याच्या नावावर खुशाल लिहा.

जुन्नर-खेडकडच्या लोकांनी हे फार आधी ओळखले असावे असे मला वाटते. तिथे सर्वांत कमी वेळाच्या बारीला मान मिळतो तो ‘घाटाचा राजा’. साऱ्या जिल्ह्याचा राजा नव्हे, त्या घाटाचा. प्रत्येक गावाचा घाट वेगळ्या लांबीचा, वेगळ्या चढाचा. दुसऱ्या गावचे सेकंद इथे आणून लावायची सोयच त्या किताबाने ठेवलेली नाही. आम्ही पटवाल्यांनी मात्र सपाटीच्या भरवशावर गावोगावचे सेकंद एका पट्टीने मोजले.

मांडणीचीही गोष्ट आहे. चांगला हाकणारा छकडीचे वजन घटवतो, पण किती? फार हलकी छकडी खडबडीत जमिनीवर उडते, जू मानेवर आपटते आणि बैल बुजतो. जू बसवताना दोन्ही बैलांची उंची सारखी नसेल तर दावणीच्या दोरात फरक ठेवावा लागतो. उजवा आणि डावा बैल बदलून पाहतात. काही जोड्या अशाच बदलाने सरळ पळू लागतात. मोटारीत हेच काम गिअरचे दाते, चाकांतली हवा आणि जेट करतात. लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ नावाने पाव आणि अर्ध्या मैलाच्या शर्यती झाल्या, तेव्हा टर्बो लावलेल्या गाड्यांची बरीच चर्चा झाली. लोणावळ्याचा परिसर सव्वासहाशे मीटरांचा, त्यामुळे तिथे टर्बोचा उपयोग पैशाच्या मस्तीपुरता नसतो. उंचीने नेलेले तो परत आणतो. पण त्या वेळा चेन्नईच्या किनारपट्टीवरच्या वेळांशेजारी ठेवून पोरे भांडतात तेव्हा मला मामांचा व्यापारी आठवतो. दोनही ठिकाणी तापमान किती होते, विचारा. कोणीच लिहून ठेवलेले नसते.

अमेरिकेतही एक धडा अलीकडचा आहे. २००८मध्ये इंगलिशटाउन येथे स्कॉट कॅलिटा यांचा अपघाती मृत्यू झाला आणि सर्वांत वेगवान वर्गांचे अंतर १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणले गेले. निर्णय योग्यच. पण त्या दिवसापासून त्या वर्गांतल्या आधीच्या वेळा आणि नंतरच्या वेळा ही दोन वेगळी खाती झाली. जो हे न सांगता नुसते आकडे छापतो तो वाचकाला फसवतो.

आमच्या पटाच्या खात्यात तर मोठे भगदाड पडले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींनाही मनाई केली. टोचणी, मारहाण, दारू पाजणे यांचे पुरावे न्यायालयापुढे होते. हे प्रकार घडत होते, मी पाहिले आहेत. त्यांचे समर्थन मला करवत नाही. २०१७मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, पण उच्च न्यायालयात तो अडकला. १६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत बैलांची एक पिढी गेली. हाकणारे जीप चालवू लागले.

शर्यती परतल्या त्या नव्या घड्याळांसह. आता दोन्ही टोकांना प्रकाशझोत असतात, मोठ्या फळ्यावर लाल आकडे सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतात, आणि पाचव्या मिनिटाला तो आकडा फोनवरून तीन जिल्ह्यांत पोहोचतो. बैलाची किंमत लाखांत बोलली जाते ती या आकड्यावर. अंतर मात्र कुठे पावलांनी मोजलेले, कुठे ट्रॅक्टरच्या फेऱ्यांनी. शतांश सेकंद दाखवणारे घड्याळ आणि पाच-सहा फूट इकडेतिकडे असलेली रेषा! त्या पाच-सहा फुटांना पळती जोडी सेकंदाचा सहावा भाग घेते. कर्ज काढून बैल घेणाऱ्या पोराला हे कोण सांगणार? घड्याळ जितके बारीक झाले तितका आमचा शेऱ्याचा रकाना रुंद व्हायला हवा होता. झाले उलटेच.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेतातला पट पुन्हा भरला. आयोजक मंडळी माझ्या मुलाच्या वयाची. मी पोलादी टेप आणि पाण्याची नळी घेऊन गेलो तर आधी हसले; नंतर दोघांनी नळीचे टोक धरले. फळ्याशेजारी खडूने लिहिले: अंतर ४०० फूट, चढ १.६ मीटर, सकाळी ९, जमीन दाबलेली. दुपारनंतर खालची ओळ पुसून मी ‘फुफाटा’ केले. एका जोडीवाल्याने विचारले, “मास्तरांचे चिरंजीव ना तुम्ही?”

मामा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. पटाला त्यांना खुर्चीत बसवून आणले होते. संध्याकाळी मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसलो आणि चढाचा हिशेब सांगितला. ते ऐकत होते की नाही कळेना. मग म्हणाले, “म्हणजे पाखऱ्या सपाटीला किती?”

“बारा-दोन.”

“तिकडं लागले तेवढेच की.”

मी पान उलटले. पाचव्या रकान्यातली सर्वांत पहिली नोंद त्यांना दाखवली. तारीख आमच्या पटाची आहे, पण शाई वेगळी, म्हणजे मागाहून घातलेली. ते उंबऱ्यातून परत गेले त्यानंतरचीच असणार. वडिलांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले आहे: ‘शेत टेकडीकडे चढते काय? मोजणे.’

मामांनी चष्मा मागितला. त्या ओळीवर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. मग बोट तसेच ठेवून मला विचारले, “मग दाजी बोलले का नाहीत?”